कुलूप नसलेले दार



धर्मशाळा हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. वाटसरूने यावे, रात्र काढावी आणि सकाळी पुढच्या वाटेला लागावे. पण धर्मशाळेलाही कोणी तरी सांभाळणारा असतो. तो दार उघडतो, जागा दाखवतो, वहीत नाव लिहून घेतो. निघताना आपण काही उचलून तर नेत नाही ना, याकडेही त्याचे लक्ष असते. आता अशी एक धर्मशाळा डोळ्यांसमोर आणू या, जिथे कोणीच नाही. मालक नाही, राखणदार नाही, शेजारपाजार नाही, आणि दाराला कुलूपही नाही.

युरोपातील आल्प्स पर्वतात असे अनेक निवारे आहेत. त्यांच्याविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटतात, कारण नीतीचा एक जुना प्रश्न तिथे मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येकापुढे उभा राहतो. कोणी पाहत नसताना, कोणी हिशेब मागणार नसताना माणसाने कसे वागावे? आणि नीट वागावे असे म्हटले, तर ते कशासाठी?

निवारा कसा असतो?

आल्प्सच्या रांगा फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया अशा अनेक देशांतून जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे गिर्यारोहणाच्या संस्था निघाल्या. ऑस्ट्रियात १८६२ साली, तर स्वित्झर्लंड व इटलीत १८६३ साली अशा संस्थांची स्थापना झाली. स्विस अल्पाइन क्लबने आपला पहिला निवारा स्थापनेच्याच वर्षी, टोडी नावाच्या पर्वतावर बांधला. पुढे या संस्थांनी उंच उंच जागी निवाऱ्यांचे जाळेच विणले.

यांपैकी मोठ्या निवाऱ्यांत उन्हाळ्याच्या दिवसांत राखणदार राहतो. तो सूप शिजवतो, अंथरूण दाखवतो, हवामानाची माहिती देतो. हंगाम संपला की तो दार लावून खाली गावात जातो. मात्र जाताना इमारतीचा एक भाग तो उघडा ठेवतो. या भागाला हिवाळी खोली म्हणतात. काही निवाऱ्यांना तर मुळातच राखणदार नसतो. इटलीच्या बाजूला १९२५ पासून उभारले गेलेले लहानसे ‘बिव्हाक्को’ या प्रकारचे आहेत. आडव्या ठेवलेल्या अर्ध्या पिंपासारखा आकार, लाकडाचा सांगाडा, वरून पत्रा. आत तीनचार माणसे दाटीवाटीने झोपतील एवढीच जागा. आता ते नव्या आकारांतही बांधले जातात. धुक्यात आणि बर्फात दुरून दिसावेत म्हणून त्यांतले कित्येक लाल किंवा नारिंगी रंगवलेले असतात.

आत काय असते? फळ्यांचे माचे, घोंगड्या, एखादे टेबल. जागा असेल तिथे एक शेगडी, थोडे सरपण, दोनचार भांडी. पाण्याचा नळ बहुधा नसतोच. बाहेरचे बर्फ भांड्यात भरून वितळवायचे, तेच पाणी. हे सरपण आणि या घोंगड्या पूर्वी खेचरांवर किंवा माणसांच्या पाठीवर वर जात. आता बऱ्याच ठिकाणी हेलिकॉप्टरने नेतात. म्हणजे तिथल्या एकेका ओंडक्याला खालच्या बाजारात त्याची जी किंमत असेल, तिच्या कितीतरी पट किंमत पडलेली असते.

भिंतीवर नियम लिहिलेले असतात. ते फार थोडे आहेत. वहीत नाव लिहा. रात्रीचे जे शुल्क ठरलेले आहे ते पेटीत टाका किंवा खाली उतरल्यावर पाठवा. वापराल तेवढीच लाकडे जाळा आणि पुढच्यासाठी थोडी फोडून ठेवा. घोंगड्या घडी करून ठेवा. जमीन झाडा. कचरा बरोबर घेऊन जा. शेगडी विझली आहे याची खात्री करा. खिडकीच्या झडपा लावा, आणि दाराची कडी नीट बसवा. बस्स, एवढेच. हे नियम पाळले की मोडले, हे पाहायला तिथे कोणी नसते.

अंगठी आणि वही

सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याने आपल्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात एका मेंढपाळाची गोष्ट घातली आहे. गायजेस हे नाव त्या गोष्टीला चिकटले आहे. या मेंढपाळाला एक अंगठी सापडते. तिचा खडा आतल्या बाजूला फिरवला की तो अदृश्य होतो. मग तो राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला ठार मारतो आणि राज्य बळकावतो. ही गोष्ट सांगणाऱ्याचे म्हणणे असे, की अशी अंगठी मिळाली तर सज्जन आणि दुर्जन यांच्या वागण्यात काहीच फरक उरणार नाही. लोक नीतीने वागतात ते केवळ पकडले जाण्याच्या भीतीने!

राखणदार नसलेला निवारा म्हणजे जवळजवळ ती अंगठीच. चार भिंतींच्या आत आपण अदृश्य असतो. पैसे टाकले नाहीत तर कोणाला कळणार? सगळी लाकडे एका रात्रीत जाळून खोली ऊबदार केली तर कोण विचारणार? तरीही हे निवारे दीडशेहून अधिक वर्षे चालू आहेत. काही ठिकाणी पेटीतले पैसे कमी भरतात, काही ठिकाणी घाण होते, हे खरे आहे. पण ही पद्धत मोडून पडलेली नाही. तेव्हा प्लेटोच्या गोष्टीतल्या त्या बोलणाऱ्याचा हिशेब कुठेतरी चुकतो आहे, असे म्हणायला हरकत नाही.

कुठे चुकतो? आपल्याकडे लहान मुलाला सांगतात, “कोणी पाहत नसले तरी देव पाहतो आहे.” हे उत्तर आपण श्रद्धेने मानतो. पण निवाऱ्यातला माणूस या उत्तराला आणखी एक गोष्ट जोडतो, आणि ती आपण ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘मला कोण पाहतो आहे’ यापेक्षा ‘माझ्यामागून कोण येणार आहे’ हा प्रश्न तो स्वतःला विचारतो.

त्या वहीचेच उदाहरण घ्या. वहीत आपण नाव, तारीख, कुठून आलो आणि उद्या कुठे जाणार ते लिहितो. शुल्काच्या हिशेबासाठी ती उपयोगी पडतेच, पण तिचा खरा उपयोग वेगळा आहे. एखादा गिर्यारोहक ठरल्या दिवशी घरी परतला नाही, तर शोधपथक या वह्या पाहते. अमुक रात्री तो इथे होता, अमुक वाटेने जाणार होता, एवढ्या एका ओळीवरून शोधाची दिशा ठरू शकते. आता पैसे चुकवण्यासाठी ज्याने नावच लिहिले नाही, त्याने काय केले? त्याने आपला स्वतःचाच माग पुसून टाकला. त्याला शोधायला निघालेली माणसे भलत्याच दरीत, भलत्याच हिमनदीवर आपला जीव धोक्यात घालतील. अदृश्य होण्याची हौस अशी महागात पडते. जो कोणालाच दिसत नाही, तो मदतीलाही सापडत नाही, हे प्लेटोच्या गोष्टीतल्या मेंढपाळाच्या लक्षात आले नव्हते.

ऋण कोणाचे?

अंधार पडल्यावर, हातपाय गारठलेल्या स्थितीत कोणी निवाऱ्यात पोहोचतो. शेगडीजवळ त्याला कोरड्या ढलप्या रचून ठेवलेल्या मिळतात. पाच मिनिटांत आग पेटते. या ढलप्या कोणी फोडल्या? त्याच्या आधी आलेल्या कोणी तरी, चार दिवसांपूर्वी किंवा चार आठवड्यांपूर्वी. वहीत पाहिले तर चारपाच नावे दिसतील, पण त्यांतले नेमके कोण ते कळणार नाही. आभार मानायला समोर कोणी नाही. उपकार फेडायला पत्ता नाही.

मग हे ऋण फेडायचे कसे? पुढच्यासाठी ढलप्या फोडून. दुसरा मार्गच नाही. आपल्या रोजच्या व्यवहारात ज्याने दिले त्याला परत द्यायचे असते. अमक्याने लग्नात आहेर केला, आपण त्याच्या घरच्या लग्नात करायचा. निवाऱ्यात मात्र ज्याच्याकडून घेतले त्याला देता येत नाही, आणि ज्याला द्यायचे त्याच्याकडून काही मिळत नाही. ऋण मागे जात नाही, ते पुढेच सरकत राहते. आईवडिलांचे ऋण आपण असेच फेडतो. त्यांनी आपल्यासाठी जे केले ते त्यांना कधीच पूर्ण परत देता येत नाही, ते आपल्या मुलांकडे जाते. फरक एवढाच, की मुले आपली असतात. निवाऱ्यातला पुढचा माणूस आपला कोणीच नसतो. त्याची भाषा, देश, धर्म, स्वभाव यांतले काहीही आपल्याला ठाऊक नसते. तो येईल की नाही हेही नक्की नसते.

इथे एक बारकाई पाहिली पाहिजे. समजा, एकाने शुल्काची पूर्ण रक्कम पेटीत टाकली, पण सकाळी घाईत दाराची कडी नीट न बसवता तो निघून गेला. वाऱ्याने दार उघडले, रात्रभर बर्फ आत भरले, घोंगड्या भिजून गोठल्या. दुसऱ्याच्या खिशात त्या दिवशी पैसे नव्हते. पण त्याने खोली झाडली, झडपा लावल्या, ढलप्या रचून ठेवल्या आणि खाली उतरल्यावर रक्कम पाठवली. या दोघांपैकी निवाऱ्याचे देणे कोणी दिले? पहिल्याने पैसे दिले, पण तो कोणाच्या तरी जिवाशी खेळला. “आम्ही पैसे मोजले आहेत” हे वाक्य हॉटेलात चालते, निवाऱ्यात चालत नाही. कारण तिथे पैशाने घेता येते ती फक्त जागा. पुढच्याची काळजी ज्याची त्यानेच घ्यावी लागते.

याचा अर्थ पैसे बुडवले तरी चालतील असा मुळीच नाही. छप्पर दुरुस्त करायला आणि सरपण वर न्यायला पैसा लागतो, आणि तो कोणा तरी प्रामाणिक माणसाच्या खिशातून येत असतो. ऐपत असून जो देत नाही, तो त्या प्रामाणिक माणसाच्या खर्चाने झोपतो.

कुलूप का लावत नाहीत?

मग सरळ कुलूप का लावू नये? काही ठिकाणी लावतातही. जर्मन आणि ऑस्ट्रियन संस्थांच्या कित्येक हिवाळी खोल्यांना एकाच धर्तीचे कुलूप असते. सभासदाने अनामत रक्कम ठेवून किल्ली घ्यावी आणि वापर झाला की परत करावी, अशी ही पद्धत. यात शिस्त राहते, नासधूस कमी होते. ही पद्धत वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण वादळात सापडलेल्या, किल्ली नसलेल्या माणसाला त्या दाराचा काय उपयोग?

दार आणि मृत्यू यांच्यात अंतर किती असते, याचे एक दुःखद उदाहरण २०१८ सालचे आहे. एप्रिल महिन्याच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील पिन्य दारोला या पर्वतावर बर्फावरून स्की घालून जाणारे चौदा जण वादळात सापडले. रात्र त्यांना उघड्यावर काढावी लागली. त्यांतले सात जण दगावले. राखणदार असलेले, ऊब असलेले व्हिन्येत नावाचे वसतिस्थान तिथून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर होते. धुके आणि वाऱ्यामुळे त्यांना तिथवर पोहोचता आले नाही. त्या उंचीवर अर्धा किलोमीटर हे एवढे मोठे अंतर असते. मग जो कसाबसा दारापर्यंत पोहोचला, त्याला ते दार बंद मिळावे काय?

म्हणूनच कित्येक निवाऱ्यांच्या संस्थांनी विचारपूर्वक ठरवले आहे, की कुलूप लावायचे नाही. या निर्णयात भोळेपणा नाही. काही जण फसवतील, घोंगडी पळवतील, पेटी रिकामी ठेवतील, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. हे नुकसान त्यांनी आधीच मान्य केले आहे. दहा लबाड आत शिरले तरी चालतील, पण एक गारठलेला बाहेर राहता कामा नये, असा हा हिशेब आहे.

आता लबाडाकडे या बाजूने पाहू या. तो समजतो, की आपण रात्रीचे शुल्क तेवढे बुडवले. पण त्याने खरोखर काय पळवले? प्रत्येक मोडलेली खुर्ची, प्रत्येक रिकामी पेटी, कुलूप लावा म्हणणाऱ्यांच्या हातात एक पुरावा देते. असे पुरावे साचत गेले की एक दिवस दार बंद होते. त्या दिवशी लबाडाचे काही बिघडत नाही, तो आपल्या घरी ऊबेत असतो. नुकसान होते ते पुढच्या हिवाळ्यात तिथे पोहोचणाऱ्या अनोळखी माणसाचे. विश्वासावर चालणाऱ्या जागेत चोरी नेहमी तिसऱ्याच्याच घरात होते.

आल्प्समध्येच सामाईक वापराचा आणखी एक प्रसिद्ध दाखला आहे. स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतात टोर्बेल नावाचे गाव आहे. गावाच्या सामाईक कुरणासंबंधीचे १४८३ सालचे करारपत्र उपलब्ध आहे. १५१७ च्या एका नियमानुसार, हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच गाई प्रत्येकाने उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवायच्या. जास्त पाठवल्या तर दंड. अमेरिकन विदुषी एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या गावाचा दाखला दिला. सामाईक संपत्ती लोक स्वतः नियम करून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण टोर्बेलच्या गावकऱ्यांना एक सोय होती. ते एकमेकांना ओळखत होते. कोणाच्या किती गाई, हे सगळ्या गावाला दिसत होते. निवाऱ्यात ती सोय नाही. तिथे दंड करणारा नाही आणि नाव ठेवणारा शेजारीही नाही. गावातला चांगुलपणा आणि निवाऱ्यातला चांगुलपणा यांत हा फरक आहे. गावात आपण किती चांगले आहोत आणि शेजाऱ्यांच्या नजरेने किती चांगले ठेवले आहे, हे आपले आपल्यालाही सांगता येत नाही. निवाऱ्यात ते कळते.

गरज की सोय?

आता थोडा अवघड भाग. काही निवारे केवळ संकटासाठी आहेत. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरील ४४७८ मीटर उंचीच्या मॅटरहॉर्न शिखराच्या वाटेवर, ४००३ मीटरवर, सॉल्व्हे नावाची एक झोपडी कड्याला चिकटून उभी आहे. बेल्जियमचे रसायनतज्ज्ञ आणि उद्योगपती अर्नेस्ट सॉल्व्हे यांच्या देणगीतून ती १९१५ साली बांधली गेली. आत दहा जणांची सोय आहे. फ्रान्समध्ये माँ ब्लाँच्या वाटेवर, ४३६२ मीटरवर, व्हालो नावाचा असाच संकटकाळचा निवारा आहे. दोन्ही ठिकाणी ठरवून मुक्काम करायला मनाई आहे.

तरीही काही जण ठरवून तिथे मुक्काम करतात. चढाई दोन दिवसांत वाटून घेतली की ती सोपी जाते. व्हालोमध्ये तर लोकांनी टाकलेल्या कचऱ्याची तक्रार वारंवार झालेली आहे. यात वाईट काय, असे कोणी विचारील. जागा रिकामीच होती ना? पण संध्याकाळी रिकामी असलेली जागा मध्यरात्री रिकामी राहील, हे कोणी सांगावे? सोयीसाठी आलेल्या दहा जणांनी माचे अडवले, आणि मग वादळातून अकरावा, बारावा आला तर?

अशा वेळी ‘आम्ही आधी आलो’ हा हक्क उरत नाही. उजेड आणि हवामान यांची साथ असेल, तर धडधाकट असतील त्यांनी उतरून जावे. ते शक्य नसेल तर सर्वांनी सरकून बसावे. रात्र अवघडून जाईल, झोप मिळणार नाही. पण अवघडणे आणि मरणे यांची तुलना होऊ शकत नाही.

आणि तो अकरावा माणूस स्वतःच्या मूर्खपणाने संकटात आला असेल तर? हवामानाचा इशारा धुडकावून, पुरेसे कपडे न घेता, उशिरा निघालेला? न्यायाची चाड असलेल्या माणसाला इथे राग येतो, आणि तो साहजिक आहे. तरी दार त्याच्यासाठीही उघडेच असले पाहिजे. त्याच्या चुकीबद्दल त्याला उद्या सकाळी चार शब्द सुनवावेत. आज रात्री त्याला शेगडीजवळची जागा द्यावी. चुकीची शिक्षा थंडीने मरण असावी असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. मग ती शिक्षा देण्याचे काम आपण दार अडवून का करावे?

मात्र याला दुसरी बाजू आहे आणि ती स्वतः जाणाऱ्याने पाळायची आहे. वर निवारा आहेच, या भरवशावर माणूस जास्त धोका पत्करू लागतो. म्हणून जाणकार सांगतात, की घरून निघताना तो निवारा नाहीच असे समजून तयारी करावी. दुसऱ्याच्या दयेवर त्याचा हक्क आहे, पण त्या दयेचा आगाऊ हिशेब धरून बेजबाबदार होण्याचा हक्क त्याला नाही.

आणि दार बंदच असेल तर? वादळात सापडलेल्या माणसाने निवाऱ्याची खिडकी फोडून आत शिरावे काय? सातवी आज्ञा ‘चोरी करू नकोस’ असे सांगते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. गरज उघड आणि तातडीची असेल, दुसरा कोणताच उपाय नसेल, तर जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याची वस्तू वापरणे ही खऱ्या अर्थाने चोरी ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. कारण सृष्टीतील वस्तू सर्व मानवांच्या गरजा भागवण्यासाठी निर्माण झाल्या आहेत. १९९२ सालच्या कॅथलिक कॅटेकिझममध्येही हीच शिकवण आहे, आणि तिथे अन्नवस्त्राबरोबर निवाऱ्याचाही उल्लेख आहे. पण आम्हांला वाटते, की ‘उघड आणि तातडीची’ हे शब्द विसरता कामा नयेत. थकवा म्हणजे संकट नव्हे. आणि खिडकी फोडलीच, तर सकाळी ती बुजवावी, वहीत खरे काय ते लिहावे, खाली उतरल्यावर मालकाला कळवावे आणि भरपाई द्यावी. गरजेने त्या रात्रीची चोरी पुसली जाते, दुसऱ्या दिवसाची जबाबदारी पुसली जात नाही.

जुनी वाट

आल्प्समधील हा विचार गिर्यारोहण संस्थांच्याही कितीतरी आधीचा आहे. अकराव्या शतकात, सुमारे १०५० साली, आओस्ता येथील धर्मगुरू संत बर्नार्ड यांनी २४६९ मीटर उंचीच्या खिंडीत वाटसरूंसाठी आश्रयगृह सुरू केले. आज ती खिंड त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिथे व्रतस्थ राहतात, म्हणजे तो राखणदार असलेला निवारा आहे. पण येणाऱ्याची पात्रता न विचारण्याची रीत तिथूनच पुढे आली. अकरावे पायस यांनी १९२३ साली संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. हे पोपमहोदय स्वतः तरुणपणी गिर्यारोहक होते. १८८९ साली माँटे रोझा पर्वताच्या पूर्वेकडील कड्यावरून चढताना त्यांना शिखराजवळ एक रात्र उघड्यावर काढावी लागली होती. निवाऱ्याचे मोल त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते.

कोणी म्हणेल, डोंगरावर जाणे ही हौशी लोकांची गोष्ट, आपल्याला तिचे काय? पण त्या वाटांवर केवळ हौशी लोकच नसतात. २०१७ च्या सुमारास इटलीतून फ्रान्सकडे जाणारे स्थलांतरित हिवाळ्यात मोंजनेव्रच्या परिसरातील खिंडी ओलांडू लागले. डोंगराची सवय नसलेली, पायांत साधे बूट घातलेली माणसे. काहींना प्राणही गमवावे लागले. अशा वाटेवर दार लागले, तर ते दार सभासदत्वाचे कार्ड विचारत नाही. येणारा हौशी आहे की परागंदा, हे त्याला ठाऊक नसते. उघड्या दाराचा खरा अर्थ अशा वेळी लक्षात येतो.

आपल्यापैकी फार थोडे जण कधी आल्प्समध्ये जातील. पण सभागृहातल्या खुर्च्या, दफनभूमीतली पाण्याची झारी, रस्त्याकडेची पाणपोई, अशा राखणदार नसलेल्या सामाईक जागा आपल्याही भोवती आहेत. त्या वापरून झाल्यावर आपण त्यांना कोणत्या स्थितीत सोडतो? आपल्यानंतर येणाऱ्याला आपण ओळखत नाही, त्याच्याकडून आपल्याला काही मिळायचे नाही, आणि आपण नीट वागलो हे त्याला कळणारही नाही. तरीही त्याच्यासाठी केले, तर ते खरे केले.

निवाऱ्यातून निघणारा माणूस शेवटी तेवढेच करतो. शेगडी विझली का पाहतो, ढलप्या रचून ठेवतो, झडपा लावतो, दार ओढून कडी बसवतो. वाऱ्याने उघडणार नाही अशी ती घट्ट बसवायची, आणि गारठलेल्या हातालाही उघडता येईल अशी ठेवायची.